फाइलीने आपली ओळख आपणच सांगावी: होसकोट्याच्या दुर्बीण-कक्षापासून घरच्या मीडिया सर्व्हरपर्यंत

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता याव्यात:

- फाइल फॉरमॅट म्हणजे काय, हे बाइटच्या पातळीवर सांगणे.
- खगोलशास्त्रातील फिट्स फॉरमॅटची रचना समजावून घेणे आणि फाइलीचा आकार हाताने काढणे.
- कंटेनर आणि कोडेक यांतील फरक ओळखणे.
- स्वतःच्या प्रकल्पासाठी व घरच्या संग्रहासाठी फॉरमॅटची निवड कारणांसह करणे.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, प्रोग्रॅम लिहिताना आपण सर्वांत जास्त विचार अल्गोरिदमचा करतो. निकाल डिस्कवर कोणत्या फॉरमॅटमध्ये लिहायचा, हा प्रश्न बहुधा शेवटच्या दहा मिनिटांत, हाताशी असलेले पहिले फंक्शन वापरून निकालात काढला जातो. प्रोग्रॅम मात्र दोन-चार वर्षांत बदलतो, नव्याने लिहिला जातो किंवा टाकून दिला जातो. त्याने लिहिलेल्या फाइली मागे उरतात. त्या उघडायची वेळ येते तेव्हा लिहिणारा कदाचित तिथे नसतो, त्याचा संगणक नसतो आणि त्याच्या डोक्यातली गृहीतकेही नसतात.

म्हणून या पाठात एकच सूत्र धरून चालू: फाइलीत काय आहे हे फाइलीनेच सांगितले पाहिजे. हे सूत्र आपण दोन ठिकाणी तपासून पाहू. पहिले ठिकाण आहे बंगळुरूजवळचे होसकोटे, जिथून हिमालयातली एक मोठी दुर्बीण चालवली जाते. दुसरे ठिकाण तुमचे घर आहे, जिथे जुन्या लॅपटॉपवर तुम्ही चित्रपट आणि घरगुती व्हिडिओ यांचा सर्व्हर उभा करू शकता. दोन्हीकडे प्रश्न तोच आहे, उत्तरे मात्र थोडी वेगळी आहेत.

२. बाइट आणि करार

डिस्कवरची कोणतीही फाइल म्हणजे ० ते २५५ या अंकांची एक लांबलचक रांग असते. त्या अंकांचा अर्थ फाइलीत आपोआप नसतो. तो लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातील करारात असतो. या करारालाच फॉरमॅट म्हणतात.

एक लहान उदाहरण घ्या. फाइलीत लागोपाठ दोन बाइट आहेत: १ आणि २. ही दोन बाइटची एक पूर्णांक संख्या आहे, एवढेच तुम्हाला ठाऊक आहे. मोठा बाइट आधी लिहिण्याची पद्धत असेल तर संख्या होते १ × २५६ + २ = २५८. लहान बाइट आधी लिहिण्याची पद्धत असेल तर तीच संख्या होते २ × २५६ + १ = ५१३. बाइट तेच, डिस्क तीच, उत्तर दुप्पट. आणि यातली वाईट गोष्ट अशी की कोणतीही चूक दाखवली जात नाही. प्रोग्रॅम निमूटपणे चुकीची संख्या वाचतो आणि पुढे जातो.

मराठी मजकुराच्या बाबतीत हा अनुभव अनेक घरांत आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखन बहुतांशी विशिष्ट फॉन्टवर आधारलेले होते. फाइलीत साठत असत रोमन अक्षरांचे क्रमांक, आणि फॉन्ट त्या जागी देवनागरी आकार दाखवत असे. आज ती फाइल त्या फॉन्टशिवाय उघडली की पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. मजकूर नष्ट झालेला नाही. फाइलीबाहेर ठेवलेला करार हरवला आहे.

युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘होसकोटे’ या शब्दात ह, ओकार, स, क, ओकार, ट आणि एकार अशी सात चिन्हे आहेत, म्हणजे २१ बाइट. जुन्या पद्धतीपेक्षा जागा जास्त लागते, पण करार जगजाहीर असतो. पन्नास वर्षांनीही तो कुणालाही पाहता येईल.

३. होसकोटे आणि हानले

मराठी इतिहासाच्या वाचकाला होसकोटे हे नाव शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत, बंगळूर आणि कोलार यांच्या सोबतीने भेटलेले असते. आज या गावाजवळ इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅस्ट्रोफिजिक्सचा क्रेस्ट नावाचा परिसर आहे. लडाखमधील हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, संस्थेची दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव तिला दिले आहे. २००० साली तिने पहिल्यांदा आकाश पाहिले.

हानलेची हवा कोरडी आणि आकाश काळेभोर. दुर्बिणीला हे उत्तम, पण माणसाला तिथे प्राणवायू कमी आणि थंडी कडाक्याची. म्हणून निरीक्षक सरळ रेषेत सुमारे २,२०० किलोमीटर दक्षिणेला होसकोट्यात बसतो. त्याच्या आज्ञा उपग्रहामार्फत हानलेला पोहोचतात, दुर्बीण वळते, कॅमेरा प्रकाश गोळा करतो आणि प्रतिमा त्याच मार्गाने परत येतात.

आता यात पणाला काय लागले आहे ते पाहा. १९ मे २०२३ रोजी जपानमधील हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना मेसिए १०१ या दीर्घिकेत एक अतिदीप्त नवतारा, म्हणजे सुपरनोव्हा, दिसला. एसएन २०२३ आयएक्सएफ हे त्याचे नाव. जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या, हिमालयन चंद्र दुर्बीणही वळली. अशा ताऱ्याच्या पहिल्या काही दिवसांत प्रकाश झपाट्याने बदलतो. ते दिवस पुन्हा येत नाहीत. त्या रात्रीची फाइल चुकीच्या रीतीने साठवली गेली, तर नवे अनुदान मिळवून किंवा नवी दुर्बीण बांधूनही ती रात्र परत मिळवता येणार नाही.

४. फिट्स: वर्णन आणि आकडे एकाच पाकिटात

४.१ रचना

हानलेहून येणारी प्रतिमा फिट्स फॉरमॅटमध्ये असते. हा फॉरमॅट १९७० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आला. वेगवेगळ्या वेधशाळांचे संगणक वेगवेगळ्या कंपन्यांचे होते, आणि एकाने लिहिलेली चुंबकीय फीत दुसऱ्याला वाचता येत नसे. डॉन वेल्स, एरिक ग्राइसेन आणि रॉन हार्टेन यांनी १९८१ साली या फॉरमॅटचा शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि १९८२ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्याला मान्यता दिली.

फिट्स फाइलीचे दोन भाग असतात. आधी हेडर, मग आकडे. हेडर साध्या मजकुरात असते आणि त्यातली प्रत्येक ओळ बरोबर ८० अक्षरांची असते. ही लांबी छिद्रित कार्डांच्या काळातून आली आहे. प्रत्येक ओळीत एक नाव, बरोबरचे चिन्ह, किंमत आणि हवे असल्यास तिरप्या रेघेनंतर खुलासा असतो. उदाहरणार्थ, बिटपिक्स या नावाची ओळ सांगते की प्रत्येक आकडा किती बिटांचा आहे. नॅक्सिस सांगते की प्रतिमेला किती मिती आहेत. त्यापुढच्या ओळी लांबी-रुंदी सांगतात. मग निरीक्षणाची तारीख, किती सेकंद प्रकाश गोळा केला, कोणता फिल्टर लावला होता, दुर्बीण कुठे रोखली होती, असे सगळे येते. शेवटच्या ओळीत ‘एंड’ एवढेच लिहिलेले असते.

हेडर आणि आकडे दोन्ही २,८८० बाइटच्या ठोकळ्यांत लिहितात. हा आकडा लहरीने निवडलेला नाही. २,८८० बाइट म्हणजे २३,०४० बिट. त्या काळच्या यंत्रांत शब्दाची लांबी कुठे १२ बिट, कुठे १६, कुठे ३२, ३६, ४८ तर कुठे ६० बिट असे. २३,०४० ला या सगळ्यांनी नि:शेष भाग जातो. शिवाय ८० अक्षरांच्या नेमक्या ३६ ओळी एका ठोकळ्यात बसतात. कुणाच्याही यंत्राला अडचण होऊ नये, हा विचार आकड्यात उतरला आहे.

४.२ आकार काढून पाहू

समजा, प्रतिमा २,०४८ × २,०४८ बिंदूंची आहे आणि प्रत्येक बिंदूला १६ बिट, म्हणजे २ बाइट, लागतात. हेडरमध्ये ६० ओळी आहेत.

- बिंदूंची संख्या: ४१,९४,३०४.
- आकड्यांचे बाइट: ८३,८८,६०८.
- २,८८० ने भागल्यास २,९१२ पूर्ण ठोकळे भरतात आणि थोडे उरते, म्हणून २,९१३ ठोकळे घ्यायचे. त्यांचे बाइट ८३,८९,४४०. शेवटच्या ठोकळ्यातील ८३२ बाइट शून्यांनी भरले जातात.
- हेडर: ६० × ८० = ४,८०० बाइट, म्हणून २ ठोकळे, ५,७६० बाइट.
- एकूण: ८३,९५,२०० बाइट.

म्हणजे संपूर्ण वर्णन सोबत वाहून नेण्याची किंमत फाइलीच्या हजारातल्या एका भागाहूनही कमी पडली. ‘हेडरमुळे फाइल जड होते’ ही तक्रार किती पोकळ आहे, हे यावरून ध्यानात यावे.

हीच प्रतिमा साध्या मजकुरात, प्रत्येक आकड्याला पाच अंक आणि एक मोकळी जागा देऊन लिहिली, तर २,५१,६५,८२४ बाइट लागतील, म्हणजे तिप्पट. दुवा सेकंदाला २० लाख बिटांचा आहे असे धरले, तर फिट्स फाइल पाठवायला सुमारे ३४ सेकंद लागतात, मजकुराची फाइल पाठवायला शंभर सेकंद. रात्रभरात शेकडो प्रतिमा पाठवायच्या असतील तर हा फरक किती वाढेल, ते तुम्हीच काढून पाहा.

मग जेपीईजी का नको? फाइल कितीतरी लहान होईल! कारण नेहमीच्या जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या मिळतात. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या असतात. त्याशिवाय, डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे जेपीईजी टाकून देते. अंधूक ताऱ्याचा प्रकाश नेमका त्याच बारकाव्यांत असतो. फोटो बघायला सुंदर दिसेल, पण मोजायला निरुपयोगी ठरेल.

जागा वाचवायचीच असेल तर उलगडल्यावर एकही बिट बदलत नाही अशी राइस पद्धत फिट्समध्ये वापरतात. तिच्यामागची कल्पना सोपी आहे. शेजारशेजारचे बिंदू १०१२, १०१५, १००९, १०११ असे असतील, तर १०१२ लिहून पुढे फक्त फरक लिहायचे: +३, −६, +२. लहान आकड्यांना थोडे बिट पुरतात.

४.३ एक ओळ विसरली तर

हेडर किती महत्त्वाचे असते ते एका उदाहरणाने पाहू. कॅमेरा ० ते ६५,५३५ असे आकडे देतो. फिट्समधील १६ बिटांचा पूर्णांक मात्र −३२,७६८ ते ३२,७६७ या टप्प्यातला असतो. म्हणून लिहिताना प्रत्येक आकड्यातून ३२,७६८ वजा करतात आणि हेडरमध्ये बीझीरो नावाच्या ओळीत ‘वाचताना ३२,७६८ मिळवा’ असे नोंदवतात.

आता एखाद्या नवशिक्या प्रोग्रॅमरने हेडर न बघता थेट बाइट वाचले, असे समजा. ४०,००० प्रकाशमानाचा तारा त्याला ७,२३२ दिसेल. १,००० प्रकाशमानाचे आकाश −३१,७६८ दिसेल. ऋण प्रकाश! इथे निदान उणे चिन्ह बघून तो दचकेल. पण प्रकाश गोळा करण्याचा काळ चुकला असता, ३० सेकंदांऐवजी ६० धरले गेले असते, तर तारा प्रत्यक्षाच्या निम्मा तेजस्वी ठरला असता आणि कुणालाही शंका आली नसती. म्हणूनच ही नोंद वहीत, किंवा कुणाच्या मेलमध्ये न राहता फाइलीतच असावी लागते.

५. जुने झाले तरी वाचता आले पाहिजे

फिट्सच्या जगात एक दंडक आहे: एकदा जी फाइल नियमानुसार वैध ठरली, ती कायम वैध राहील. नवे नियम जुन्या फाइलींना अवैध ठरवू शकत नाहीत.

याची परीक्षा तारखेने घेतली. सुरुवातीच्या फिट्समध्ये निरीक्षणाची तारीख दिवस, महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक अशी लिहीत. २००० साल जवळ येऊ लागले तसा प्रश्न उभा राहिला की ०१ म्हणजे १९०१ की २००१? १९९७ साली नवा नियम ठरला: चार अंकी वर्ष, मग महिना, मग दिवस. जुन्या फाइलींचे काय? त्या तशाच वैध राहिल्या. दोन अंकी वर्ष दिसले की ते १९०० ते १९९९ मधले समजायचे, असे स्पष्ट लिहून ठेवले गेले. एकाही जुन्या फाइलीला हात लावावा लागला नाही.

तारखेचा हा प्रश्न आपल्याकडे संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतले असंख्य कागद आहेत. कागद टिकला, शाई टिकली. पण मोडी वाचणारे थोडे उरले, म्हणजे वाचणाऱ्याकडचा करार हरवत गेला. त्यातही त्या काळच्या पुष्कळ पत्रांवर चंद्राची तारीख आणि महिना असतो, साल नसते. लिहिणाऱ्याला आणि ज्याला पत्र गेले त्याला साल ठाऊकच होते, मग लिहायचे कशाला? पुढे इतिहास संशोधकांना मजकुरातल्या मोहिमा, माणसे आणि प्रसंग यांवरून साल ठरवण्यासाठी फार कष्ट घ्यावे लागले. ‘हे तर सगळ्यांना ठाऊकच आहे’ असे म्हणून गाळलेली माहितीच पुढे सर्वांत महाग पडते.

फिट्सलाही मर्यादा आहेत. हेडरमध्ये फक्त साधी रोमन अक्षरे, अंक आणि चिन्हे चालतात, त्यामुळे निरीक्षकाचे नाव देवनागरीत लिहिता येत नाही. प्रत्येक नाव आठ अक्षरांत बसवावे लागते. कामाच्या ओघात दुसरी मांडणी सोयीची असेल तर ती वापरतातही. पुणे जिल्ह्यात खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांकडून येणारी माहिती स्वतःच्या अंतर्गत मांडणीत नोंदवत आली आहे, आणि विश्लेषणासाठी ती फिट्समध्ये बदलून घेतात. यातून शिकण्यासारखे हे की कामाचा फॉरमॅट आणि जपण्याचा फॉरमॅट एकच असावा असे नाही, पण एकातून दुसऱ्यात जाण्याची वाट पक्की हवी.

६. घरचा मीडिया सर्व्हर

आता आपल्या घरी येऊ. जुना लॅपटॉप, त्याला जोडलेली एक मोठी हार्ड डिस्क आणि जेलीफिनसारखे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर एवढ्यावर घरच्या वाय-फायवर चित्रपट, गाणी आणि घरगुती व्हिडिओ टीव्हीवर पाहता येतात. हे उभे करताना फॉरमॅटचे तीन निर्णय घ्यावे लागतात.

६.१ डबा आणि त्यातला पदार्थ

व्हिडिओ फाइलीच्या नावाच्या शेवटी एमपी४ किंवा एमकेव्ही असते. ते कंटेनरचे नाव आहे, म्हणजे डब्याचे. डब्यात चित्र, आवाज, उपशीर्षके असे वेगवेगळे पदार्थ असतात, आणि प्रत्येक पदार्थ कोणत्या कृतीने आवळला आहे ते कोडेक सांगतो. एच.२६४, एच.२६५ आणि एव्ही१ हे चित्राचे कोडेक आहेत.

आवळल्याशिवाय इथे गत्यंतर नाही. १,९२० × १,०८० बिंदूंचे चित्र, प्रत्येक बिंदूला ३ बाइट, सेकंदाला २५ चित्रे: म्हणजे सेकंदाला सुमारे १५ कोटी ५५ लाख बाइट, आणि तासाला ५६० गिगाबाइट. तोच तास सेकंदाला ८० लाख बिट या वेगाने एच.२६४ मध्ये आवळला की ३.६ गिगाबाइटमध्ये बसतो. ताऱ्याच्या प्रतिमेत जी हानी आपण नाकारली, ती इथे आनंदाने स्वीकारतो, कारण चित्रपट मोजण्यासाठी नसतो, बघण्यासाठी असतो. फॉरमॅट चांगला की वाईट हे त्याचा उपयोग पाहूनच ठरते.

टीव्हीला डब्यातला कोडेक कळत असेल तर सर्व्हर फाइल जशीच्या तशी पाठवतो. कळत नसेल तर सर्व्हरला चालू चित्रपट नव्या कोडेकमध्ये बदलत राहावे लागते. जुना लॅपटॉप तापतो, पंखा घोंघावतो, चित्र अडखळते. अशा वेळी नवीन यंत्र घेण्याआधी तपासा की अडचण कोडेकची आहे की फक्त डब्याची. डब्याचीच असेल तर एफएफएमपेगने पदार्थ तसाच ठेवून डबा बदलता येतो. हे काम मिनिटभरात होते आणि चित्राची प्रत तसूभरही घटत नाही. कोडेक बदलताना मात्र दर वेळी थोडे गमावले जाते, म्हणून मूळ फाइल पुसू नका.

६.२ वीज गेली तर

नेहमीच्या एमपी४ फाइलीत कोणते चित्र कुठे आहे याची सूची असते, आणि रेकॉर्डिंग करताना ती बहुधा सर्वांत शेवटी लिहिली जाते. लग्नाचे रेकॉर्डिंग संगणकावर चालू असताना मधेच वीज गेली, तर चित्रे डिस्कवर असूनही सूचीअभावी फाइल उघडत नाही. एमकेव्हीमध्ये माहिती लहान लहान, स्वतंत्रपणे वाचता येणाऱ्या गठ्ठ्यांत लिहिली जाते. वीज गेली तरी तोवरचा भाग सहसा बघता येतो. म्हणून रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये करा आणि गरज पडल्यास नंतर डबा बदला.

६.३ आजीचे नाव कुठे लिहिले आहे?

सर्व्हर प्रत्येक चित्रपटाचे नाव, साल, कलाकार इंटरनेटवरून आणतो आणि स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतो. उद्या तो डेटाबेस बिघडला तरी ही माहिती पुन्हा मिळेल, कारण ती जगाला ठाऊक आहे.

पण ‘व्हीआयडी ००४७’ या फाइलीत ओवी म्हणणारी बाई म्हणजे तुमच्या आईची आजी, गाव अमुक, प्रसंग नातवाच्या बारशाचा, ही माहिती जगातल्या कुठल्याही डेटाबेसमध्ये नाही. ती तुम्ही सर्व्हरच्या पडद्यावर टंकली आणि ती फक्त सर्व्हरच्या पोटात राहिली, तर डिस्क बदलताना व्हिडिओ उरेल आणि नावे जातील. पेशवाईतल्या साल नसलेल्या पत्रासारखी त्याची गत होईल.

यावर उपाय फिट्सचाच आहे. वर्णन फाइलीत किंवा निदान फाइलीशेजारी ठेवा:

- फाइलीच्या नावात तारीख आधी चार अंकी वर्षाने लिहा, मग प्रसंग. उदाहरणार्थ, ‘२०१९-०५-१२ बारसे’. असे केल्याने नावे आपोआप कालक्रमाने लागतात.
- एमकेव्हीमध्ये शीर्षक आणि खुणा लिहिण्याची सोय असते, ती वापरा.
- जेलीफिनला माहिती फाइलीशेजारी एनएफओ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायला सांगता येते. तो पर्याय चालू करा.
- फोटोत कॅमेरा एक्झिफ नोंदी लिहितो. अनेक मेसेजिंग अ‍ॅप फोटो पाठवताना या नोंदी गाळतात आणि फोटोही लहान करतात, म्हणून नातेवाइकांकडून मूळ फाइल मागून घ्या. एक्झिफच्या जुन्या आवृत्त्यांत वेळ असे, पण ती कोणत्या देशाची हे लिहायला जागा नव्हती. ती सोय २०१६ च्या आवृत्तीत आली. परदेशातल्या भावंडांचे फोटो एकत्र करताना हे ध्यानात ठेवा.

७. सूची कशात ठेवावी?

संग्रहाची सूची, प्रयोगाचे निकाल, सर्वेक्षणाची उत्तरे यांसाठी तुमच्यापुढे साधारण तीन पर्याय असतात.

सीएसव्ही कुठेही उघडते, डोळ्यांनी वाचता येते. पण स्तंभात संख्या आहे की मजकूर, हे ती सांगत नाही. बंगळुरूचा दूरध्वनी संकेतांक ०८० स्प्रेडशीटमध्ये उघडून पुन्हा साठवला की ८० होतो. नावांत स्वल्पविराम आला तर अवतरणचिन्हे नीट घालावी लागतात.

जेसॉनमध्ये मजकूर आणि संख्या वेगळ्या राहतात, एकात एक अशी रचना करता येते आणि देवनागरी सुखाने नांदते. पण लाखो नोंदींतली एक बदलायची तर बहुधा सगळी फाइल पुन्हा लिहावी लागते.

एसक्यूलाइट ही एकाच फाइलीत बसणारी डेटाबेसची पद्धत आहे. तक्त्यांची व्याख्या त्याच फाइलीत असते, लिहिताना वीज गेली तरी अर्धवट बदल मागे घेतला जातो, आणि तिची मांडणी जाहीर आहे. २००४ पासून हीच मांडणी चालत आली आहे, आणि २०५० पर्यंत ती सांभाळण्याचा तिच्या निर्मात्यांचा संकल्प आहे. मात्र ती साध्या संपादकात उघडून वाचता येत नाही.

म्हणून रोजच्या कामाला एसक्यूलाइट आणि महिन्यातून एकदा तिची सीएसव्ही किंवा जेसॉन प्रत, सोबत प्रत्येक स्तंभाचा अर्थ सांगणारी मजकुराची छोटी फाइल, अशी जोडी विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला पुरेशी असते.

८. निवडीपूर्वी विचारायचे पाच प्रश्न

१. ही माहिती गेली तर पुन्हा मिळवता येईल का? येणार नसेल तर एकही बिट न गमावणारा फॉरमॅट घ्या.

२. ज्या प्रोग्रॅमने ही फाइल लिहिली तो नसेल, तरी ती उघडेल का? मांडणीचे जाहीर वर्णन उपलब्ध आहे का?

३. एकके, तारीख, काळपट्टा, स्थळ आणि माणसे यांची नोंद फाइलीत आहे का?

४. लिहिता लिहिता वीज गेली तर किती वाचेल?

५. फाइल बिघडली आहे हे कसे कळेल? फिट्समध्ये यासाठी चेकसम नावाची ओळ असते. घरी तुम्ही प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ काढून एका यादीत ठेवू शकता आणि वर्षातून एकदा जुळवून पाहू शकता. मात्र बिघाड कळणे आणि दुरुस्त होणे वेगळे; त्यासाठी दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी, एक प्रत हवीच.

सारांश

फॉरमॅट हा लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातील करार असतो. होसकोट्याहून चालणाऱ्या दुर्बिणीच्या फाइली आजही वाचता येतात, कारण त्यांचा करार जाहीर आहे, वर्णन आकड्यांबरोबरच प्रवास करते आणि नवे नियम जुन्या फाइलींना मोडीत काढत नाहीत. चित्रपटाच्या फाइलीत थोडी हानी चालते, ताऱ्याच्या प्रतिमेत चालत नाही. पण ‘हे काय आहे, केव्हाचे आहे, कुणाचे आहे’ या तीन प्रश्नांची उत्तरे दोन्हीकडे फाइलीतच असली पाहिजेत.

स्वाध्याय

१. १,०२४ × १,०२४ बिंदूंच्या, १६ बिटांच्या फिट्स प्रतिमेच्या हेडरमध्ये ४० ओळी आहेत. फाइलीचा एकूण आकार काढा. उत्तर: २१,०५,२८० बाइट.

२. फाइलीत साठवलेला आकडा −२०,००० आहे आणि बीझीरोची किंमत ३२,७६८ आहे. मूळ आकडा कोणता? उत्तर: १२,७६८.

३. तुमच्याकडील एक एमकेव्ही फाइल घेऊन कोडेक न बदलता तिचा डबा एमपी४ करा. दोन्ही फाइलींचे आकार आणि लागलेला वेळ नोंदवा. कोडेक बदलून पुन्हा तेच करा आणि फरकाची कारणे लिहा.

४. घरातील सर्वांत जुना व्हिडिओ शोधा. त्यातील माणसे ओळखणाऱ्या व्यक्तीजवळ बसून नावे, स्थळ आणि साल विचारा आणि ते फाइलीच्या नावात व शेजारच्या मजकूर फाइलीत लिहा. हा स्वाध्याय पुढच्या सत्रावर ढकलू नका.